गेममधल्या नकाशावर नोंदी करताय? या चुका टाळा

मोठा ओपन-वर्ल्ड गेम (ज्यात विशाल जगात हवं तिथे फिरता येतं) सुरू केला की पहिल्या काही दिवसांतच नकाशा खुणांनी भरतो. मग परीक्षा येते किंवा ऑफिसचं काम वाढतं, आणि गेम महिनाभर बंद राहतो. परत उघडल्यावर अर्ध्या पिना कशासाठी टाकल्या होत्या तेच आठवत नाही. खूण करताना सगळं डोक्यात ताजं असतं, म्हणून आपण कमी लिहितो. महिन्याभराने परतणाऱ्याला मात्र एकच गोष्ट हवी असते: इथे पुन्हा का यायचं?

नाव लिहिलं, कारण राहिलं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. व्हालहाइम या गेमचं उदाहरण घेऊ, कारण त्यात पिनला स्वतःचा मजकूर देता येतो. दलदलीत फिरताना जमिनीत रुतलेलं दगडी तळघर दिसतं, आपण डबल-क्लिक करून ‘क्रिप्ट’ लिहितो आणि पुढे जातो. दलदलीत अशी तळघरं बरीच असतात. काही दिवसांनी नकाशावर सहा ठिकाणी ‘क्रिप्ट’ दिसतं आणि त्यातलं एकही काही सांगत नाही.

या तळघरांचं दार उघडायला किल्ली लागते आणि ती एल्डर या बॉसला (मोठ्या, ताकदवान शत्रूला) हरवल्याशिवाय मिळत नाही. आत लोखंडाचं भंगार असतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये धातू पोर्टलमधून (क्षणात दुसऱ्या जागी नेणाऱ्या दारातून) नेता येत नाहीत, त्यामुळे ते बहुतेकदा होडीनेच घरी आणावं लागतं. म्हणजे परत येताना तीन प्रश्न पडणार: किल्ली आहे का, आत माल शिल्लक आहे का, होडी कुठे लावायची? नोंद या प्रश्नांची हवी. ‘क्रिप्ट, किल्ली नाही’. नंतर ‘क्रिप्ट, अर्धं खणलं’. शेजारच्या किनाऱ्यावर वेगळी पिन: ‘होडी इथे’. दोन-तीन शब्द पुरतात. लांब वाक्यं लिहू नका, गर्दीच्या नकाशावर ती एकमेकांवर चढतात.

एखाद्या ठिकाणी काय कमी पडलं म्हणून आपण मागे फिरलो, ते लिहायची सवय लावा. बाण संपले, थंडीचं औषध नव्हतं, रात्र झाली. ‘इथे राक्षस आहे’ यापेक्षा ‘राक्षस, अग्निबाण आणा’ ही नोंद कितीतरी कामाची.

काम झालं तरी पिन तशीच

व्हालहाइममध्ये पिनवर साधा क्लिक केला की लाल फुली बसते, राइट-क्लिक केला की पिन जाते. दोन्ही वेगवेगळ्या कामांसाठी वापरा. तांब्याचा खडक पूर्ण खणला की तो पुन्हा येत नाही, तिथली पिन सरळ काढून टाका. तळघर रिकामं झालं तर पिन काढू नका, फुली मारा. कारण तळघर बाहेरून तसंच दिसत राहतं आणि खूण नसेल तर तुम्ही पुन्हा आत शिराल. रासबेरी-ब्लूबेरीची झुडपं काही दिवसांनी परत फळतात, त्यांच्यावर फुली मारण्यात अर्थ नाही.

जी गोष्ट परत येते आणि जी येत नाही, त्यांची खूण एकसारखी नको. झेल्डा मालिकेतल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये हे फार जाणवतं, कारण तिथे नकाशावर टाकायचे चिन्हांचे शिक्के एकूण 100 आणि मजकूर शून्य. ब्लड मून, म्हणजे लाल चंद्र, उगवला की मेलेले शत्रू परत येतात, पण उघडलेली पेटी पुन्हा भरत नाही. म्हणून लायनेल या बलाढ्य शत्रूच्या जागी कवटीचा शिक्का कायम ठेवणं योग्य, पेटीचा शिक्का पेटी उघडल्याक्षणी काढायचा. त्याच्या पुढच्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये शिक्के 300 झाले, तरी तीन थरांच्या जगात तेही जास्त नाहीत.

मजकूर नसलेल्या गेममध्ये आणखी एक पथ्य पाळा. कुठल्या चिन्हाचा अर्थ काय, हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि बदलू नका. तारा म्हणजे आज खजिना आणि उद्या बंद दार असं केलंत, तर नकाशा तुमचा राहत नाही.

थर आणि जग न सांगता जागा लिहिणं

माइनक्राफ्ट खेळणारे जागेचे आकडे वहीत टिपतात ते उत्तमच, पण ‘800, -1600’ एवढंच लिहिलं तर ते ओव्हरवर्ल्डचे (नेहमीच्या जगाचे) की नेदरचे (पाताळासारख्या दुसऱ्या जगाचे)? नेदरमधला एक ब्लॉक म्हणजे ओव्हरवर्ल्डमधले आठ. 800, -1600 ला गाव असेल तर नेदरमध्ये त्याची जागा 100, -200 येते. जगाचं नाव आधी लिहा, मग आकडे, आणि गुहेतली गोष्ट असेल तर उंचीचा आकडाही टाका.

‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्येही थराचा घोळ होतो. आकाश, जमीन आणि खालची डेप्थ्स (जमिनीखालचं अंधारं जग) यांचे नकाशे वेगळे आहेत, खूणही त्या त्या थरापुरतीच राहते. पण डेप्थ्समधला प्रत्येक लाइटरूट (उजेड देणारं मूळ) जमिनीवरच्या एका श्राइनच्या (कोड्यांच्या छोट्या मंदिराच्या) बरोबर खाली असतो. खाली लाइटरूट दिसला आणि वर श्राइन सापडलेलं नसेल, तर जमिनीच्या नकाशावर त्याच जागी लगेच खूण करा. ही नोंद शोधाशोधीचे कित्येक तास वाचवते.

नोंद होतच नाही किंवा गायब झाली?

प्रोजेक्ट झॉम्बॉइड या गेममध्ये नकाशावर लिहिता येत नसेल तर आधी पिशवी तपासा. पेन किंवा पेन्सिल जवळ असल्याशिवाय लिहिता येत नाही आणि खोडायला खोडरबर लागतं. लाल आणि निळं पेन सापडलं तर टाकू नका. लाल धोक्याला, निळं सामानाला, असं ठरवलं की वाचायलाही कमी लागतं.

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत नकाशा हातात धरून बॅनरवर (झेंड्यावर) राइट-क्लिक केलं की त्याची खूण उमटते. खूण उमटली पण नाव आलं नाही, तर बॅनर लावण्याआधी ॲन्व्हिलवर (ऐरणीवर) त्याला नाव दिलेलं नसतं. लावून झाल्यावर नाव देता येत नाही, बॅनर काढून पुन्हा सगळं करावं लागतं. बॅनर तुटला की खूणही जाते, म्हणून तो क्रीपर (जवळ येऊन फुटणारा राक्षस) पोचणार नाही अशा उंचीवर लावा. सर्वात छोटा नकाशा 128 बाय 128 ब्लॉकचाच असतो, त्याच्या हद्दीबाहेरचा बॅनर त्यावर येणार नाही. माइनक्राफ्टच्या दुसऱ्या, बेडरॉक आवृत्तीत ही सोयच नाही, तिथे वही उघडा.

देवनागरीत लिहिलं आणि चौकोन दिसले किंवा जोडाक्षरं फुटली, तर दोष तुमच्या कीबोर्डचा नाही. अनेक गेमच्या फाँटमध्ये देवनागरी बसवलेलीच नसते. तिथे मराठीच लिहा, पण रोमन अक्षरांत, आणि एका शब्दाचं स्पेलिंग एकच ठेवा. मराठी सोडून तोडक्या इंग्रजीत लिहिण्याची गरज नाही, स्वतःच्या भाषेतली नोंद पटकन डोक्यात शिरते.

व्हालहाइममध्ये एकाच प्रकारच्या सगळ्या पिना अचानक नाहीशा झाल्या, तर घाबरू नका. उजवीकडच्या चिन्हांच्या यादीत चुकून राइट-क्लिक झालं की त्या प्रकारच्या पिना लपतात. पुन्हा राइट-क्लिक केलं की येतात. संपूर्ण नकाशाच कोरा दिसला तर कारण वेगळं आहे. या गेममध्ये नकाशा आणि पिना जगाच्या फाइलमध्ये नसून पात्राच्या फाइलमध्ये असतात. त्याच जगात नवं पात्र घेऊन गेलात तर काळोखच दिसणार. बॅकअप घेताना फक्त जगाची फाइल उचलू नका, पात्राचीही घ्या. मित्रांसोबत खेळत असाल तर कार्टोग्राफी टेबल (नकाशा एकमेकांना देण्याचं टेबल) बांधा. त्यावर नोंदवणं आणि वाचणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. बरेचजण फक्त वाचतात, आणि मग त्यांनी शोधलेली तांब्याची टेकडी बाकीच्यांना दिसतच नाही. मोहिमेवरून आलं की आधी नोंदवा, मग वाचा, आणि नंतर सामान उतरवा.