रेडिएशननंतरचं नसांचं दुखणं: औषधांचा क्लेम कसा करावा

गाठीवरचं रेडिएशन संपलं तरी नसांचं दुखणं मागे राहू शकतं. स्तनाच्या कॅन्सरनंतर काखेत आणि हातात, तोंडाच्या कॅन्सरनंतर जबड्यात आणि खांद्यात आग होते, मुंग्या येतात, मध्येच करंट लागल्यासारखी कळ जाते. त्यावर प्रीगॅबॅलिन, गॅबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन महिनोन्महिने घ्यावं लागतं. पॉलिसीत वेगळं ओपीडी कव्हर (भरती न होता घेतलेल्या उपचारांचं संरक्षण) नसेल, तर घरी घेतलेल्या या गोळ्यांचे पैसे सहसा एकाच कलमाखाली मिळतात, ते म्हणजे हॉस्पिटलायझेशननंतरचा खर्च. उपचार कॅशलेस झाले, म्हणजे बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला भरलं असलं, तरी हा खर्च आधी खिशातून करून नंतर मागायचा असतो.

पहिला प्रश्न मुदतीचा. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळणाऱ्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर 60 दिवस मिळतात, इतर बऱ्याच पॉलिसींत 90 किंवा 180. हे दिवस कुठून मोजायचे यावरच बहुतेक वाद होतात. ऑपरेशन जानेवारीत झालं आणि रेडिएशन एप्रिलच्या शेवटी संपलं, तर ऑपरेशनच्या डिस्चार्जपासून मोजल्यावर 60 दिवस केव्हाच उलटलेले असतात. रेडिएशन मात्र सहसा डे केअर उपचार (रात्रभर भरती न होता केलेला उपचार) म्हणून स्वतंत्रपणे मंजूर झालेलं असतं, त्यामुळे शेवटच्या सिटिंगच्या, म्हणजे रेडिएशनच्या शेवटच्या फेरीच्या, तारखेपासून मोजा, असं अर्जात स्पष्ट लिहा. सोबत रेडिएशनच्या क्लेमचा नंबर आणि मंजुरीचं पत्र जोडा. मूळ क्लेम मंजूर नसेल, तर नंतरच्या औषधांचा क्लेमही उभा राहत नाही. रेडिएशन विभागाकडून उपचार पूर्ण झाल्याचा सारांश मागून घ्या. त्यात शरीराचा भाग, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण सिटिंग आणि ग्रेमध्ये (रेडिएशन मोजायचं एकक) दिलेला डोस हवा.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: औषध त्याच आजारासाठी आहे, हे कागदावर दिसलं पाहिजे. चिठ्ठीवर नुसतं ‘न्यूरोपॅथिक पेन’ असेल आणि रुग्णाला मधुमेह असेल, तर क्लेम तपासणारा हे दुखणं साखरेचं आहे असं धरून नकार देऊ शकतो. म्हणून डॉक्टरांकडून लेटरहेडवर चार ओळींचं प्रमाणपत्र घ्या: मूळ निदान, रेडिएशनचा भाग आणि तारखा, दुखणं कधी सुरू झालं, आणि ते रेडिएशन दिलेल्या भागातल्या नसांशी कसं जुळतं. मधुमेहाचं दुखणं बहुतेकदा दोन्ही पायांच्या तळव्यांपासून सुरू होतं. एकाच बाजूच्या हातातली कळ वेगळी आहे, हे डॉक्टरांनी तपासून लिहिलं तर शंकेला जागा कमी उरते. केमोथेरपीमुळेही नसा दुखतात, आणि कारण ते असेल तर तेच लिहावं. मूळ आजार एकच असतो, पण प्रमाणपत्र मग केमोच्या तारखांशी जोडावं लागतं.

आता हिशोब. चिठ्ठीत औषधाचं नाव, ताकद, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस हे सगळं हवं. प्रीगॅबॅलिन 75 मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, 30 दिवस, म्हणजे 60 कॅप्सूल. बिलात 90 असतील, तर वरच्या 30 कापल्या जातात. ‘तेच औषध चालू ठेवा’ एवढ्यावर काम होत नाही, आणि डोस वाढला की नवी चिठ्ठी लागते. हे औषध हळूहळू वाढवतात, त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत चिठ्ठ्या दोन-तीन तरी होतात. त्या सगळ्या जपून ठेवा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि रुग्णाचं नाव, तारीख, बॅच नंबर बिलावर असू द्या. प्रीगॅबॅलिनबरोबर मिथाइलकोबालामिन (बी-12 व्हिटॅमिन) असलेली गोळी व्हिटॅमिन म्हणून कापली जाऊ शकते. व्हिटॅमिनांचं प्रमाणित वगळणूक कलम पूर्ण वाचा: हॉस्पिटलायझेशन किंवा डे केअरच्या क्लेमचा भाग म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली व्हिटॅमिनं त्यातून सुटतात. कपातीवर कंपनीला उत्तर देताना तेच वाक्य लिहा.

आरोग्य संजीवनीत नंतरच्या उपचारांचे कागद ते उपचार पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत द्यायचे असतात. इतर पॉलिसींची मुदत आपल्या पॉलिसीत बघा, आणि मूळ कागद देण्याआधी प्रत्येकाची झेरॉक्स काढा.

अवघड भाग उशिरा येणाऱ्या दुखण्याचा आहे. रेडिएशनमुळे नसांना झालेली इजा काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी डोकं वर काढते, आणि तोवर मुदत संपलेली असते. अशा वेळी ओपीडी कव्हर किंवा नोकरीतली ग्रुप पॉलिसी तपासा. ईएसआयसी (कामगार राज्य विमा) किंवा सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) यांचे लाभार्थी असाल, तर तिथल्या दवाखान्यातून औषध घ्या. नर्व्ह ब्लॉकसारखा (नसेजवळ इंजेक्शन देऊन दुखणं थांबवण्याचा) उपचार खरोखर लागला आणि तो मंजूर झाला, तर मुदत नव्याने सुरू होते. केवळ मुदत मिळावी म्हणून भरती होऊ नका, कारण फक्त तपासणीसाठीची भरती पॉलिसीत वगळलेली असते. डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहायला सांगून जनऔषधी केंद्रात विचारा. आणि पैसे अडकले म्हणून प्रीगॅबॅलिन एकदम बंद करू नका. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच कमी करायचं असतं.

नकार आला तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीतल्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, आणि आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याचे वाद कोर्टाबाहेर सोडवणारा अधिकारी) जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा दावा चालतो, मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज करायला हवा. अर्जाच्या सगळ्यात वर तारखांचं एक पान लावा: ऑपरेशन, पहिली आणि शेवटची सिटिंग, दुखण्याची पहिली नोंद, पहिली चिठ्ठी, क्लेम पाठवल्याचा दिवस.