लाइट गेल्यावर दार उघडण्याआधी

इंदुरात लाइट जाते ती मुख्यतः दोनदा. पावसाळ्याआधीच्या मेन्टेनन्ससाठी सकाळी, आणि मे-जूनच्या वावटळीत ऐन संध्याकाळी. सकाळची आधी कळलेली असते, तिचं काही नाही. हे लिहिलंय ते संध्याकाळच्या लाइटबद्दल: भंवरकुआं, गीता भवन, विजय नगर इथे होस्टेलात किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलींसाठी. रामबागेतल्या जुन्या घरात एकट्या राहणाऱ्या मावशी-आजींनाही यातलं बरंच लागू पडेल.

अंधाराची भीती सगळ्यांनाच वाटते, पण खरी अडचण वेगळी असते. ज्या गोष्टींच्या भरवशावर आपण निर्धास्त असतो (गेटचं लॉक, कॅमेरा, बेल, वायफाय) त्या त्याच क्षणी बंद पडतात. शिवाय बाहेर यायला किंवा कुणाला आत घ्यायला एक आयतं कारण मिळतं.

आधी बघा, लाइट कुणाची गेली

दार न उघडता, खिडकीतून. रस्त्यावरचे दिवे आणि समोरची घरं सगळी अंधारात असतील तर लाइट भागातली गेली. समोरच्या ओळीत एक घर उजळलेलं, एक अंधारात असं दिसलं तर तीनपैकी एक फेज (वीज आणणारी तार) गेला. दोन्ही वेळा तुम्ही करण्यासारखं काही नाही. वीज कंपनीचा १९१२ लावा, बिलावरचा आयव्हीआरएस नंबर (म्हणजे तुमचा ग्राहक क्रमांक) सांगा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. आयव्हीआरएस नंबर फोनमध्ये आधीच साठवून ठेवा; अंधारात बिल कुठे शोधणार?

जिन्यातला दिवा चालू, शेजारी टीव्ही चालू आणि अंधार फक्त तुमच्याकडे, असं असेल तर सावध व्हा. घरातला बोर्ड उघडा. एखाद्या एमसीबीची (आपोआप पडणाऱ्या स्विचची) दांडी पडली असेल तर त्या लाइनवरचं सगळं बंद करून दांडी एकदा वर करा. सगळं बंद असूनही पुन्हा पडली तर सोडून द्या, दोष वायरिंगमध्ये असू शकतो. पण घरातल्या सगळ्या दांड्या वर आहेत आणि तरी लाइट नाही, म्हणजे गडबड खाली मीटरपाशी आहे. तिथला स्विच आपोआप पडतो, तसाच कुणीही हाताने पाडू शकतो. बहुतेक इमारतींत मीटरच्या खोलीला कडीसुद्धा नसते. म्हणून एकटीने खाली जायचं नाही. घरमालकाला किंवा शेजारच्या काकूंना फोन करा, दोघीतिघी मिळून जा, जाताना दाराला कुलूप लावा. 'दोन मिनिटांत येते' म्हणून दार नुसतं ओढून ठेवायची सवय इथेच महागात पडते.

गेटचं चुंबकी लॉक

नव्या होस्टेलांच्या गेटला अंगठा किंवा कार्ड लावून उघडणारं लॉक असतं. दाराच्या वरच्या बाजूला लोखंडी पट्टी दिसली आणि दार 'टक्' करून चिकटत असेल तर ते चुंबकी लॉक. ते वीज असेपर्यंतच धरून ठेवतं. वीज गेली की सुटतं. हा बिघाड नाही, आग लागली तर माणसं आत अडकू नयेत म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. म्हणजे बॅकअप नसेल तर लाइट गेल्या क्षणी तुमचं गेट सताड उघडं असतं, आणि वरच्या मजल्यावर कुणाला पत्ताही नसतो.

बॅकअप म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्यात बसवलेली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी. असं लॉक साधारण अर्धा अँपिअर खातं, म्हणजे हिशेबाने चौदा तास. प्रत्यक्षात निम्मे धरा. दोन-तीन वर्षांनी ही बॅटरी मरते आणि बाहेरून काही कळत नाही, कारण लाइट असताना लॉक अगदी ठणठणीत चालतं. तपासायचं असं: दिवसाढवळ्या, मालकाला सांगून, त्या लॉकचा मेन बंद करा. अर्ध्या तासाने गेट जोर लावून ओढा. उघडलं तर बॅटरी बदलायला लावा. नवी येईपर्यंत आतून साधी कडी हवी, जी आतल्या कुणालाही किल्लीशिवाय काढता येईल. बाहेरून कुलूप ठोकून किल्ली वॉचमनच्या खिशात, हा उपाय मुळीच चालू देऊ नका. आग लागली तर तो जिवावर बेतेल.

बेल बंद म्हणून दार वाजेल. फटीतून किंवा साखळी लावून बोला. 'मॅडम, लाइन चेक करायचीय' म्हणणाऱ्याला तक्रार क्रमांक विचारा. मीटर बाहेर असतं, खांब बाहेर असतो. लाइनमनला तुमच्या खोलीत काम नसतं.

उजेड कुठे ठेवायचा

मेणबत्ती नको. पडद्याजवळची मेणबत्ती हे आगीचं कारण, आणि खिडकीतल्या उजेडामुळे बाहेरच्याला तुम्ही दिसता, तुम्हाला मात्र काचेत फक्त स्वतःचं तोंड दिसतं. आधी पडदे ओढा, मग चार्जिंगचा दिवा जमिनीवर ठेवा. फोनचा टॉर्च जिन्यात वापरू नका: बॅटरी संपते आणि हातात फोन आहे हे लांबून दिसतं. एक साधा एलईडी टॉर्च दाराच्या आतल्या खिळ्याला टांगलेला असू द्या. रोज तिथेच.

राउटरला साधारण १२ व्होल्ट लागतात; बाजारात त्याचा छोटा यूपीएस मिळतो, व्होल्टेज जुळवून घ्या. दहा हजारच्या पॉवर बँकेतून फोनपर्यंत प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच पोचतात, म्हणजे एक चार्ज आणि थोडं वर. दोनदा भरेल असं धरून बसू नका.

रस्त्यात असताना गेली तर

उजेडातून एकदम अंधारात आलं की डोळ्यांना नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढं थांबणं शक्य नाही, पण दुकानाच्या कडेला एक-दोन मिनिटं थांबलं तरी फरक पडतो. जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर चालणारं मेडिकल, पेट्रोल पंप अशा जागा तुमच्या रस्त्यावर कुठे आहेत हे आधी हेरून ठेवा. लांबचा असला तरी तोच रस्ता धरा. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडू नका, थेट गेटपर्यंत न्या. वादळानंतर पाण्यात पाय घालण्याआधी वर तारा बघा. तार पडलेली दिसली तर निदान दहा मीटर लांब.

मिरचीचा स्प्रे जवळ असेल तर एवढं ध्यानात ठेवा: तो दोनेक मीटरच जातो, वारा समोरून असेल तर तुमच्याच डोळ्यांत येतो, आणि बंद जिन्यात दोघांनाही रडवतो. शिट्टी अधिक भरवशाची.

मदतीसाठी ११२. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये २०१७ पासून पॅनिक बटण सक्तीचं आहे: स्मार्टफोनवर पॉवरचं बटण भराभर तीनदा, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. तुमच्या फोनवर कितीदा दाबावं लागतं ते सेटिंगमध्ये आजच बघा. नेट मेलं तरी साधा एसएमएस पुष्कळदा जातो, म्हणून पत्त्याचा तयार मेसेज साठवून ठेवा.

काही घडलंच तर

गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, 'आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट आहे. छेडछाडीसारख्या गुन्ह्यात तुमचं म्हणणं महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायचं असतं.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी मागा, डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं. कॉपी घेताना डीव्हीआरवरचं (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यावरचं) घड्याळ आणि तुमच्या फोनची वेळ एकाच फोटोत घ्या. डीव्हीआरमधला बटणासारखा सेल संपलेला असेल तर लाइट गेल्यावर त्याची तारीख मागे जाते, आणि रात्री नऊची घटना कुठल्यातरी वर्षातल्या १ जानेवारीला घडल्यासारखी दिसते. फरक कितीचा आहे तो तक्रारीतच लिहा.