चतुर्थीच्या मखरासाठी एफपीजीए बोर्ड निवडताना

मखराभोवती साठ रंगीत दिव्यांची डब्ल्यूएस२८१२ पट्टी फिरवायची आणि ती एफपीजीएवर (आतली जोडणी आपण हवी तशी ठरवू शकतो अशा चिपवर) नाचवायची, याहून चांगला पहिला प्रकल्प नाही. बोर्ड घेताना मात्र बहुतेक जण आधी एलयूटी, म्हणजे चिपमधले तर्काचे छोटे ठोकळे, मोजतात. ते शेवटी बघावे.

पायरी १, व्होल्टेज. बोर्ड इथेच जळतात. लॅटिस कंपनीच्या यूपी५के या एफपीजीए चिपच्या पिना ३.३ व्होल्टच्या. आर्डुइनो युनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा ५ व्होल्टचा सिग्नल थेट दिलात तर पिन कायमची जाऊ शकते. मध्ये दोन रेझिस्टरांचा, व्होल्टेज उतरवणारा डिव्हायडर घाला: १ किलोओहम सिग्नल आणि पिन यांच्यात, २ किलोओहम पिन आणि ग्राउंड यांच्यात. पट्टीच्या बाबतीत अडचण उलटी. ५ व्होल्टवरची पट्टी साधारण ३.५ व्होल्टपासून पुढेच ‘हाय’ धरते, म्हणून ३.३ वर एक दिवस छान चालते आणि दुसऱ्या दिवशी दिवे भलत्याच रंगात लुकलुकतात. मध्ये ३.३ चा सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी ७४एएचसीटी१२५ चिप लावा. साठ दिवे पूर्ण पांढरे झाले की ३.६ अँपिअर ओढतात, तेव्हा पट्टीला वेगळा ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर द्या आणि अ‍ॅडाप्टर आणि बोर्ड यांचे ग्राउंड एकमेकांना जोडा.

पायरी २, क्लॉक. यूपी५केच्या पोटातच ४८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, म्हणजे ठोके देणारा क्लॉक, आहे. पट्टीचा एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे ६० टिकांचा (क्लॉकच्या ठोक्यांचा): शून्यासाठी १९ टिक हाय, एकासाठी ३८. हा ऑसिलेटर दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. पट्टी ते चालवून घेते. ११५२०० बॉडची सिरियल जोडणी घेत नाही, पडद्यावर नुसता कचरा येतो. सिरियल हवी असेल तर बाहेरचा क्लॉक असलेलाच बोर्ड घ्या: यूपी५केच्या आइसब्रेकर बोर्डावर १२ मेगाहर्ट्झ, टँग नॅनो ९के या दुसऱ्या बोर्डावर २७.

पायरी ३, वीज. बोर्ड बॅटरीवर चालवणार असाल तर हे बघा. स्वस्थ बसलेली यूपी५के सुमारे ७५ मायक्रोअँपिअर घेते. बोर्डावरचा लाल पॉवर एलईडी १ किलोओहममधून १.३ मिलिअँपिअर खातो, चिपच्या सतरा पट! सर्किटचा नकाशा उघडून तो एलईडी आणि यूएसबी चिप तोडता येतात का, ते आधी पाहा. पॉवर बँकेवर विसंबू नका. इतका कमी भार दिसला की बऱ्याच बँका आपोआप बंद होतात.

पायरी ४, एलयूटी. यूपी५केत ५२८०, टँग नॅनो ९केत ८६४०. पट्टीला काहीशे पुरतात. टँगची बटणे आणि एलईडी १.८ व्होल्टच्या बँकेवर (पिनांच्या गटावर) आहेत, पिनांच्या फाइलमध्ये तसे लिहा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात हेडरच्या पिना हिरव्या पडतात. बोर्ड सिलिका जेलसह घट्ट डब्यात ठेवा. आणि संगणकाला बोर्ड दिसलाच नाही, तर आधी केबल बदला. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.