घर प्रकल्पात जातंय? मोजणीच्या दिवसापासून या चुका टाळा

रस्ता रुंद होणार, नाल्याची भिंत सरकणार किंवा मेट्रो येणार म्हटलं की वस्तीत चर्चा सुरू होते ती पैशांची आणि घर कुठे मिळणार याची. बहुतेकांची केस मात्र त्याच्या बरीच आधी, सर्वेक्षणाच्या दिवशीच बिघडलेली असते. माणसं येतात, दारावर रंगाने नंबर टाकतात, फॉर्म भरतात आणि जातात. त्या फॉर्मवर जे उतरलं तेच पुढे वर्षानुवर्षं प्रत्येक टेबलावर वाचलं जातं.

सर्वेक्षणाला दार बंद

दोघंही कामावर, मुलं शाळेत. घराला कुलूप, म्हणून यादीत शेरा ‘बंद’. काही जण तर मुद्दाम कुलूप लावतात, म्हणजे प्रकल्प अडेल अशा समजुतीने. प्रकल्प अडत नाही, यादीतलं नाव तेवढं अडतं. असा शेरा पडला तर त्याच आठवड्यात झोपडी क्रमांक लिहून फेरसर्वेक्षणाचा अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. तोंडी “येऊन जातो साहेब” याला किंमत नाही.

फॉर्मवर सही करण्याआधी चार रकाने वाचा: नाव, लांबी-रुंदी, वापर आणि किती वर्षांपासून राहता. सगळ्यात जास्त घोळ ‘वापर’मध्ये होतो. पुढे पिठाची गिरणी, मागे पडद्याआड कुटुंब, आणि फॉर्मवर नुसतं ‘निवासी’. झालं, गाळ्याचा हक्क तिथेच संपला. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या पुनर्वसन धोरणात घर २२५ चौरस फुटांचं होतं, आणि मोठ्या दुकानाला २२५ चौरस फूट मोफत धरून वरची जागा पैसे भरून, एकूण ७५० चौरस फुटांपर्यंत, घेता येत होती. पण फॉर्मवर दुकानच नसेल तर मागणार कशाच्या जोरावर? गुमास्ता (दुकान नोंदणीचा) परवाना, व्यावसायिक मीटरचं बिल आणि दुकान चालू असतानाचा फोटो त्या दिवशी हाताशी ठेवा.

भाडेकरूंनी घाबरून मालकाचं नाव सांगायचं नाही. याच धोरणात मोजला गेला तो प्रत्यक्ष राहणारा. दुसरीकडे राहणाऱ्या झोपडीमालकाला त्यात घर नव्हतं. “माझंच नाव सांग, नाहीतर खोली खाली कर” असा दम मालकाकडून इथेच दिला जातो.

कागद आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत

फोटोपासवर (झोपडीधारकाला मिळालेल्या फोटोच्या ओळखपत्रावर) ‘शेवंताबाई’, आधारवर ‘शेवंता’, वीजबिल अजून सासऱ्यांच्या नावावर. घरच्यांना यात काही वावगं वाटत नाही. पात्रता तपासणाऱ्याला मात्र तीन वेगळी माणसं दिसतात. आधीच एक प्रतिज्ञापत्र करून नावातला फरक मिटवा. सासरे वारले असतील तर मृत्यू दाखला आणि वारसांची संमती जोडा.

झोपडपट्टी कायद्यानुसार १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला मोफत पुनर्वसन आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीला सशुल्क, अशी रेघ आहे. प्रकल्पाच्या धोरणात रेघ वेगळी असू शकते, म्हणून आपल्या प्रकल्पाचा शासन निर्णय मागून वाचा. कोणतीही रेघ असो, तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन्ही पुरावे लागतात. नुसतं जुनं रेशनकार्ड दाखवलं तर “आता इथेच राहता कशावरून?” हा प्रश्न येतो. त्या काळच्या मतदार यादीचा उतारा आणि आजचं बिल एकत्र लावा.

यादीत नाव ‘अपात्र’ आलं तर कारणाचा रकाना आधी वाचा. ‘पुरावा अपुरा’ आणि ‘नावात तफावत’ यांना वेगवेगळी उत्तरं आहेत. सगळ्या कागदांचा गठ्ठा पुन्हा नेऊन टाकला तर पुन्हा तेच उत्तर येतं. अपिलाला मुदत असते, म्हणून आदेशाची तारीख आणि तो हातात पडल्याचा दिवस, दोन्ही लिहून ठेवा. आपल्या सर्वेक्षण फॉर्मची प्रत माहिती अधिकारात मिळते: जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. सगळ्या चाळीची माहिती एकाच अर्जात मागाल तर तो परत येईल.

जमीनमालकांची चूक

गावठाणात, कोळीवाड्यात किंवा मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डवर) नाव असलेल्यांना २०१३ चा भूसंपादन कायदा लागतो. सरकारी जमिनीवरच्या झोपडीला जमिनीचा बाजारभाव मागून उपयोग नाही, आणि मालकाने २२५ फुटांच्या घरावर समाधान मानायचं कारण नाही. सभेत या दोन गोष्टींची इतकी खिचडी होते की दोघांचंही नुकसान होतं.

हिशोब असा: जमिनीचा बाजारभाव ८० लाख, बांधकाम १० लाख. जमिनीच्या बाजारभावाला ज्याने गुणतात तो गुणक शहरात १, म्हणजे दोन्ही मिळून ९० लाख. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, १८० लाख. शिवाय सामाजिक परिणाम अभ्यासाच्या अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशापर्यंत (ताबा आधी गेला तर ताब्यापर्यंत), फक्त ८० लाखांवर वर्षाला १२ टक्के. दीड वर्षाचे १४.४ लाख. एकूण १९४.४ लाख. निवाड्यात बांधकाम शून्य दिसलं तर १० नव्हे, २० लाख गेले.

सगळ्यात महागडी चूक पैसे घेताना होते. रक्कम कमी वाटत असेल तर पावतीवर ‘निषेध नोंदवून स्वीकारली’ असं लिहूनच सही करा. तसं न लिहिता पैसे घेतले की कलम ६४ खाली वाढीव मोबदला मागण्याचा दरवाजा बंद. तो अर्ज, निवाड्याच्या वेळी हजर असाल तर, ६ आठवड्यांत द्यावा लागतो. मालमत्ता पत्रकावर आजोबांचंच नाव असेल आणि वारसांत वाद असेल तर रक्कम तुमच्या हाती न येता भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होते. वारस नोंद नोटीस येण्याआधीच उरका.

किल्ली घेताना

वाटपपत्रावरच्या खोलीत जाऊन नळ, संडासाचा निचरा, छताची गळती आणि लिफ्ट पाहा. दोष असतील तर ताबा पावतीवरच लिहा. कोऱ्या पावतीवर सही नको. जागाच राहण्याजोगी नसेल तर तसं लेखी द्या. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी माहुलला पाठवलं गेलं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दरमहा १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्यायला सांगितलं. तिथे लढता आलं ते प्रदूषणाचे अहवाल आणि अर्ज कागदावर होते म्हणून.

‘फाइल’ म्हणजे तुमच्या घराच्या हक्काचे कागद विकत घेणारे एजंट याच सुमारास फिरतात. मूळ फोटोपास आणि वाटपपत्र कुणाच्याही हाती द्यायचं नाही, झेरॉक्सवरही कशासाठी दिली ते आडवं लिहायचं.

जुनं घर सोडताना वीज कंपनीकडे मीटर काढण्याचा अर्ज द्या आणि अंतिम बिल भरल्याची पावती घ्या. पाडलेल्या घराच्या मीटरचं बिल तुमच्याच नावावर चढत राहतं.