ताई ची आणि म्हातारपणातली उदासी: या चुका टाळा

यंत्रमागावर हयात घालवलेले आमचे अण्णा घरी बसले आणि बोलायचेच कमी झाले. पहाटे तीनला जाग, शेंगा चटणी-भाकरीचा घास उतरेना, वर "आता जगून काय करायचंय?" आम्ही म्हणायचो, वय झालंय, चालायचंच. पहिली चूक तीच. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड बिघडलं, बी-१२ कमी झालं तरीही माणूस असाच मलूल होतो. आणि "जगून काय" हे बोलणं हसण्यावारी नेऊ नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दुसरी चूक, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) सुरू झाली म्हणून डॉक्टरांनी दिलेली उदासीची गोळी बंद करणं. २०११ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा एक अभ्यास आला. गोळीने अर्धवटच फरक पडलेले साठीपुढचे ७३ जण, दहा आठवडे. निम्म्यांना आठवड्याला दोन तास ताई ची, निम्म्यांना आरोग्याची माहिती देणारा वर्ग. ताई चीवाल्यांपैकी ६५ टक्के उदासीतून बाहेर आले, दुसऱ्या गटातले ५१ टक्के. पण गोळी दोन्ही गटांची चालूच होती! व्हॉट्सॲपवर फिरताना नेमकं हेच गळतं.

आमची सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे घाई. चीनमध्ये १९५६ साली ताई चीचा २४ हालचालींचा सोपा क्रम बसवला, तोच मोबाइलवर लावून दिला. आठव्या हालचालीला अण्णा अडकले, खाली बसले. "डोकंच चालंना आता." उदासीत लक्ष आणि आठवण दोन्ही मंदावतात, त्यात हे नापास होणं! मग सगळं सोडून 'ढगांसारखे हात' ही एकच हालचाल धरली: वजन एका पायावरून दुसऱ्यावर, हात डोळ्यांसमोरून संथ. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हवेत चादर झटकतोय का मी?" कित्येक महिन्यांनी हसले.

गुडघे दुखले तर बहुतेक वेळा गुडघे वाकवून खाली जाणं जास्त झालेलं असतं. थोडं उभं राहून करा. गुडघा पावलाच्या दिशेलाच राहू द्या, बोटांपुढे नको. वजन असलेल्या पायावर वळू नका, आधी ते दुसऱ्या पायावर न्या. मोजे घालून फरशीवर तर मुळीच नको. बीपीच्या गोळीने चक्कर येत असेल तर खुर्चीत बसून करा, तेही चालतं. श्वास कोंडू नका. मे महिन्यात सोलापुरात आठलाच ऊन चटकायला लागतं, त्यामुळे सहाला कंबर तलावाकडे निघा.

"चिनी व्यायाम कशाला?" असं शेजारचे म्हणालेच. अण्णांनी परस्पर उत्तर दिलं, "आपले डॉक्टर कोटणीस तिकडं गेले, हे इकडं आलं तर काय बिघडलं?"

तलावाकडे येतच नाही म्हणाले तर? आम्ही "जा, बरं वाटेल" म्हणत राहिलो, ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग मी स्वतःच्या चपला घातल्या, त्यांच्या चपला दारात ठेवल्या आणि "चला" म्हटलं. चौथ्या दिवशी आले. काही केलं नाही, बाकावर बसले, सगळ्यांबरोबर चहा घेतला. तोही दिवस धरायचा.