पोराच्या इंग्रज गावाचा उतारा कसा काढाल

आमच्या मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक संघातली बरीच मंडळी उन्हाळ्यात मुलांकडे इंग्लंडला जातात आणि 'त्या खेड्यात बघण्यासारखं काही नाही हो' म्हणत परततात. माझी हयात भूमापन खात्यात गेली. माझ्यापुढे असं बोलायचं नाही.

आधी जमीन बघा, चर्च शेवटी.

निघण्यापूर्वीच गावाच्या पॅरिशचं नाव विचारून घ्या. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चखालचा मुलूख. हल्ली नागरी पॅरिश वेगळी असते, तिची कौन्सिल म्हणजे साधारण ग्रामपंचायत; दोन्हींच्या हद्दी जुळतीलच असं नाही. मग नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचं संकेतस्थळ उघडा. नावावर जाऊ नका, इंग्लंडचे जुने ऑर्डनन्स सर्व्हे (तिकडचं सरकारी भूमापन खातं) नकाशेही तिथे फुकट बघता येतात. मैलाला सहा इंचाचा नकाशा घ्या आणि शेजारी आजचं उपग्रहचित्र लावा. कुठला बांध मोडला, कुठली पायवाट टिकली, घरबसल्या कळतं.

खरा ऐवज टाइथ नकाशा. टाइथ म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, तो चर्चला द्यायची रीत होती; १८३६च्या कायद्याने त्याची रोख आकारणी ठरली आणि त्यासाठी गावोगाव नकाशे झाले. प्रत्येक तुकड्याला नंबर, आणि सोबतच्या नोंदीत मालक, कसणारा, शेताचं नाव, नांगरट की कुरण, क्षेत्र. सातबाराच की! क्षेत्र एकर, रूड, पर्चमध्ये असतं. घाबरू नका: ४ पर्च म्हणजे १ गुंठा, १० गुंठे म्हणजे १ रूड. हा हिशोब चोख बसतो, मी कागदावर मांडून पाहिलाय. टाइथ नकाशा नसेल, तर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अभिलेखागारात एन्क्लोजर अवॉर्ड, म्हणजे सामाईक रानाच्या वाटणीचा कागद, मागा.

आता बाहेर पडा, पण ऊन तिरपं असताना. जुन्या कुरणात जमिनीला एकामागून एक लाटा दिसल्या तर थांबा. ते मध्ययुगीन नांगरटीचे वरंबे. बरेचदा ते सरळ नसतात, दोन्ही टोकांना हलकेच वळतात, कारण बैलांची लांबलचक जोडणी बांधाशी वळवायला आधीपासूनच वळण घ्यावं लागे. नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टनला तर जुनी खुल्या शेतांची पद्धत अजून चालू आहे: तीन मोठी शेतं, त्यांत शेतकऱ्यांचे पट्टे, आणि पाळीपाळीने एक शेत पड. गावचे पंच पाहणी करतात. हद्दीपलीकडे नांगर घातला की दंड. तिथला १६३५चा नकाशाही शाबूत आहे. जवळपास असाल तर चुकवू नका.

पायवाट खासगी शेतातून गेली तरी हक्काची असू शकते; आजच्या नकाशावर तशी खूण बघा, आणि फाटक उघडलंत तर लावून घ्या.

चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या वह्या ठेवायचा हुकूम १५३८चा. जुन्या वह्या बहुधा अभिलेखागारात गेलेल्या असतात, त्यामुळे चर्चच्या पाद्रीबाबांना उगाच पिडू नका. थडग्यांवरचं शेवाळ खरवडू नका. अक्षरं तिरप्या उजेडात आपोआप उठतात.