टर्न-बेस्ड आरपीजीत बिल्ड बनवताय? या चुका टाळा

टर्न-बेस्ड आरपीजी म्हणजे पाळीपाळीने लढायचे रोल-प्लेइंग गेम, आणि बिल्ड म्हणजे त्यातल्या पात्राचा क्लास (फायटर, पॅलाडिन असा पेशा), हत्यारं आणि कौशल्यं यांची जुळणी. "फाइट जमतच नाही, डिफिकल्टी कमी करू का?" असं कुणी विचारलं की मी आधी त्याच्या पार्टीचे, म्हणजे खेळातल्या पात्रांच्या टोळीचे, स्क्रीनशॉट मागतो. बहुतेक वेळा डिफिकल्टीचा काही दोष नसतो. हत्याराच्या माहितीच्या कार्डावरचा सगळ्यात मोठा डॅमेजचा आकडा बघून हत्यार उचललेलं असतं आणि तो आकडा शत्रूला लागणार किती वेळा, हे कुणी बघितलेलंच नसतं.

बाल्डर्स गेट 3 मधलं ग्रेट वेपन मास्टर हे फीट (पात्राला मिळणारी खास क्षमता) उदाहरणादाखल घ्या. अटॅक रोलमधून (वार लागतो का हे ठरवणाऱ्या 20 बाजूंच्या फाशाच्या बेरजेतून) 5 वजा, डॅमेजमध्ये 10 जमा. लोक ते एकदा चालू करतात आणि शेवटपर्यंत तसंच ठेवतात. आता हिशेब मांडू. लेव्हल 5 चा फायटर, स्ट्रेंग्थ 16, हातात +1 ची ग्रेटसोर्ड. अटॅक बोनस +7, एका घावाचं सरासरी डॅमेज 11. समोरच्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) 18 असेल तर साधा वार 50 टक्के वेळा लागतो, म्हणजे दर वारामागे 5.5. फीट चालू केलं की डॅमेज 21 होतं, पण वार लागतो 25 टक्केच. सरासरी उतरते 5.25 वर. आर्मर क्लास 13 असेल तर मात्र तेच फीट 8.25 चे 10.5 करतं. (क्रिटिकल, म्हणजे नशिबाने बसणारे जबर घाव, बाजूला ठेवलेत.) म्हणून मी प्रत्येक वाराआधी शत्रूवर कर्सर नेऊन टक्के बघतो. फीट चालू असताना 30 च्या खाली दिसले की ते बंद. किंवा आधी कुणाला तरी त्या शत्रूला आडवं पाडायला लावतो: अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) मिळाला की 25 चे जवळपास 44 टक्के होतात आणि मग तो +10 खरंच कामी येतो.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे आणि ती आठवली की अजून जीव जळतो.

डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन 2 मध्ये शत्रूला दोन वेगळी कवचं असतात, फिजिकल आर्मर आणि मॅजिक आर्मर. तलवार एकाला झिजवते, आग दुसऱ्याला. "प्रत्येकाला सगळं थोडं थोडं यायला हवं" म्हणून मी योद्ध्याला आगीचे मंत्र दिले, धनुर्धराला पाण्याचे, जादूगाराच्या हातात खंजीर. फोर्ट जॉय हा पहिला भाग कसाबसा निभावला. पुढच्या भागात, रीपर्स कोस्टवर, एकाच फाइटला लागोपाठ चार वेळा सगळे मेले. पाचव्यांदा दुसऱ्या राउंडला थांबून एकेक शत्रू नीट वाचला. तिघांचीही दोन्ही कवचं निम्मी झिजलेली आणि हेल्थ एका अंकानेही कमी नाही. बॅटरिंग रॅम (धडक देऊन पाडायचं कौशल्य) मारला तरी कुणी पडेना, कारण फिजिकल आर्मर संपल्याशिवाय कुणी पडतच नाही. म्हणजे आठ टर्न घालवून मी काहीच मिळवलं नव्हतं.

लेडी व्हेंजन्स जहाजावरच्या आरशात फुकट रिस्पेक करता येतं, म्हणजे पात्राचे पॉइंट नव्याने वाटता येतात. तिघांना फिजिकल केलं, चौथ्याला हेस्ट (वेग वाढवणारा मंत्र) आणि हीलिंग दिलं. पुढच्या प्रयत्नात पहिल्याच राउंडला एकाचं कवच फुटलं, तो आडवा झाला, त्याची टर्न गेली. दोन फिजिकल, दोन मॅजिक अशी वाटणीही चालते, पण मग जोडीजोडीने एकच लक्ष्य धरा. शत्रूच्या जादूगारांचं फिजिकल आर्मर सहसा कमी असतं, तेव्हा तलवारी आधी तिकडे.

व्हिडिओ बघून बिल्ड उचलणाऱ्यांबद्दल काय सांगू! बाल्डर्स गेट 3 मधला तो बिल्ड लेव्हल 12 ला पूर्ण होतो आणि तुम्ही असता लेव्हल 5 वर, फायटर 3 आणि रोग 2 घेऊन. फीट मिळतं एका क्लासच्या चौथ्या लेव्हलला, एक्स्ट्रा अटॅक (एका टर्नमध्ये दुसरा वार) फायटरच्या पाचव्या. तुमच्याकडे दोन्ही नाही. आधी एकाच क्लासमध्ये 5 गाठा, मग काय मिसळायचं ते मिसळा. फायटर 5 आणि पॅलाडिन 5 केल्याने तीन वार मिळत नाहीत, हेही लक्षात असू द्या. घाईत फसलाच असाल तर कॅम्पमधला विदर्स 100 गोल्ड घेऊन सगळं नव्याने मांडू देतो. तिथे काटकसर करू नका.

बाकीच्या पटापट सांगतो. बाल्डर्स गेट 3 मध्ये स्ट्रेंग्थसारख्या गुणाच्या 17 आणि 16 चा मॉडिफायर (रोलमध्ये मिळवायचा आकडा) सारखाच, +3; तो एक पॉइंट पुढे 18 करायचा बेत असेल तरच घाला. प्रॉफिशियन्सी (ते वापरायचं प्रशिक्षण) नसलेलं चिलखत जादूगाराला चढवलं तर मंत्रच बंद होतात. कॉन्सन्ट्रेशनचे (लक्ष लावून टिकवायचे) दोन मंत्र एका वेळी टिकत नाहीत, दुसरा टाकला की पहिला गेला. डिव्हिनिटीत लेव्हल वाढली की हत्यार बदला. तीन लेव्हल जुनं युनिक हत्यार कितीही लाडकं असलं तरी आता ते साध्या नव्या तलवारीच्या मागे पडलंय.

आणि स्क्रोल (एकदाच वापरता येणारे मंत्राचे कागद) वापरा. फायरबॉलचे सहा स्क्रोल पिशवीत तसेच ठेवून पार्टी मेलेली मी पाहिली आहे.